घरबसल्या कामाच्या नावाखाली फसवणूक : पहिले पैसे खरंच येतात, ते का येतात ते वाचा

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण यावेळी घरातच घडलं. माझ्या धाकट्या जावेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "माझं नाव नका घालू ताई, पण आकडे सगळे लिहा."

दीर एमआयडीसीत कामाला, दोन मुलं शाळेत. मुलं शाळेला गेली की दुपारी तिला तीन-चार तास मोकळे मिळतात. त्यात काहीतरी करून घराला हातभार लावावा हे तिच्या मनात वर्षभर होतं. मंगळवारी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. हॉटेलांना गूगल मॅपवर रिव्ह्यू द्यायचा, एका रिव्ह्यूचे ₹१५०. तिने तीन दिले. दहा मिनिटांत ₹४५० खात्यात जमा. तिने मला बँकेचा मेसेज दाखवला होता आणि मीही "बरंय की" म्हणाले, हे इथे कबूल करते.

मग टेलिग्रामवर यायला सांगितलं. ग्रुपमध्ये ८६ जण. दिवसाला २४ कामं, त्यातलं दर पाचवं काम 'प्रीपेड', म्हणजे आधी आपण पैसे भरायचे आणि ३० टक्के वाढवून परत घ्यायचे. ₹१,००० भरले, ₹१,३०० आले. ₹३,००० भरले, ₹३,९०० आले. शुक्रवारी सकाळी ₹८,००० भरले, तेव्हा सांगितलं की हे तीन टप्प्यांचं काम आहे, मध्येच सोडलं तर आधीचे बुडतील आणि ग्रुपमधल्या बाकी चौघांचेही अडकतील. दुसरा टप्पा ₹२२,०००, म्हणजे मुलांच्या फीचे बाजूला ठेवलेले. तिसरा ₹५८,०००. त्यात ₹३०,००० भिशीचे होते, जे त्या महिन्यात तिच्याकडे जमा होते, आणि ₹२८,००० तिने पाटल्यांवर सोनेतारण काढून आणले. एकूण ₹८८,०००. वेबसाइटवर तिच्या नावापुढे ₹१,१४,४०० दिसत होते, अगदी पैशापैशाचा हिशेब जुळवून. काढायला गेली तर उत्तर आलं, "तुमचा क्रेडिट स्कोअर ६० झालाय, तो १०० करायला ₹१,२०,००० भरा."

शुक्रवारी दुपारी दीड वाजता शेवटचे पैसे गेले. तिने मला सांगितलं शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर, ओट्यापाशी. मधला दीड दिवस ती पैसे कुठून आणायचे याचाच विचार करत होती. तो दीड दिवस सगळ्यात महाग पडला.

रात्री तिच्या फोनवर तो ग्रुप उघडून बसले. "थँक यू मॅडम, ₹४२,००० मिळाले" असे स्क्रीनशॉट पाच वेगवेगळ्या नावांनी टाकलेले होते. पाचही स्क्रीनशॉटांत वरच्या कोपऱ्यात बॅटरी ३७ टक्के. एकाच फोनवरून काढलेले. त्या ८६ जणांत गिऱ्हाईक बहुतेक ती एकटीच होती.

तिला तीन दिवसांत हे दिसलं नाही. मला दिसलं, कारण माझे पैसे त्यात अडकलेले नव्हते.

निवृत्त_रोखपाल :
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा वर्षं अशा तक्रारी रोज काउंटरवर यायच्या. एक विचारतो. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच नावावर गेले का?

कृष्णाकाठ :
हो काका. पाच वेळा भरले आणि पाच नावं. एक किराणा दुकान, एक ट्रॅव्हल्स, एक मोबाइल रिपेअरिंगवाला, दोन व्यक्तींची नावं, आणि सगळी वेगवेगळ्या राज्यांतली. जावेने विचारलं होतं. "हे आमचे मर्चंट आहेत" असं उत्तर मिळालं.

निवृत्त_रोखपाल :
तीच खूण. ज्या कंपनीचं काम करताय तिच्या नावाच्या चालू खात्यात पैसे न जाता कुणा किराणावाल्याच्या यूपीआयवर जात असतील, तर तिथेच थांबायचं. ही भाड्याची खाती असतात. कुणीतरी गरजू माणूस पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम चार-पाच हजारांना देऊन टाकतो. पैसे आले की काही मिनिटांत तिथून पुढच्या पाच-सात खात्यांत फुटतात, त्यातले काही एटीएममधून निघतात, काही क्रिप्टोत जातात. म्हणून म्हणतो, तास मोजायचे असतात, दिवस नाहीत.

आता पहिले पैसे खरे का येतात ते. तुमच्या जावेला आलेले ₹१,३०० त्या लोकांच्या खिशातून आलेले नाहीत. ते तिच्यासारख्याच दुसऱ्या कुणीतरी त्याच सकाळी भरलेले आहेत. आणि तिचे ₹१,००० तिसऱ्या कुणाला 'कमाई' म्हणून गेले असतील. याचा त्रास पुढे होतो. त्या दुसऱ्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या जावेच्या खात्यापर्यंत येतात आणि तेवढी रक्कम गोठवायला बँकेला कळवतात.

कृष्णाकाठ :
काका, अगदी तसंच झालं. तीन आठवड्यांनी तिच्या खात्यावर ₹१,३०० चा होल्ड लागला, परराज्यातल्या तक्रारीवरून. ती इतकी घाबरली की दोन दिवस बँकेत पाऊल टाकेना. आपण फसलो आणि वर आपणच आरोपी, असं तिला वाटलं.

निवृत्त_रोखपाल :
तिच्या स्वतःच्या तक्रारीची पोचपावती आणि त्या काळातलं खात्याचं स्टेटमेंट घेऊन शाखेत जा. कुठल्या पोलीस ठाण्याकडून कळवलंय ते लेखी मागा आणि त्यांना ईमेलने दोन्ही कागद पाठवा. आधी स्वतः तक्रार केलेली असली की गोष्ट समजावणं सोपं जातं. नुसतं गप्प बसलं तर होल्ड बराच काळ तसाच राहू शकतो.

आणखी एक, कारण लोक याच आशेवर बसून राहतात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते इथे लागू होत नाही. ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्ही स्वतः घातलाय. त्यामुळे बँक भरपाई देईल म्हणून थांबू नका. थेट १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक लावा.

मोगरा :
माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे, पण घरबसल्या कामाचाच. डेटा एंट्री. १० दिवसांत ६०० फॉर्म भरायचे, प्रत्येकी ₹३०. पैसे मागितले नाहीत, म्हणून विश्वास बसला. फक्त आधार, पॅन आणि सहीचा फोटो घेतला आणि ऑनलाइन करारावर सही करून घेतली. फॉर्म इतके अंधूक होते की शून्य आणि 'ओ' यात फरक कळत नव्हता. आता समजतंय की ते मुद्दामच तसे होते. तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून ५४० भरले. अकराव्या दिवशी ईमेल, "अचूकता ८२ टक्के, करारात ९० होती, ₹६,८०० दंड भरा." मग एका 'वकिलाचा' फोन. मग व्हॉट्सअॅपवर नोटीस, वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, आणि "४८ तासांत अटक". यजमानांच्या ऑफिसात फोन करू अशी धमकी. मी भरले. दोन महिन्यांनी पुन्हा फोन, "केस बंद करायची फी ₹४,५००." तेव्हा भावाला सांगितलं आणि त्याने नंबर ब्लॉक केला. पुढे काहीही झालं नाही. पण मधले दोन महिने दारावरची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं.

सायलीची_आई :
मोगरा, मिठी. मला वाटायचं पैसे मागत नाहीत म्हणजे काम खरं. माझीही व्याख्या तीच होती.

वऱ्हाडी_वकील :
मोगराताई, तुमच्यासारखे चार-पाच जण तरी वर्षाकाठी माझ्याकडे येतात, त्यामुळे नीट सांगतो.

काम कराराप्रमाणे झालं नाही हा दिवाणी वाद असतो. त्यासाठी पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, तीही कोर्टात जाऊन. आणि फसवून सही घेतलेला करार ज्याला फसवलं त्याला कलम १९ खाली नाकारता येतो. कोर्टाच्या समन्सवर कोर्टाचं नाव, केस नंबर आणि तारीख असते. नंबर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. केसच सापडत नसेल तर कागद खोटा. आणि पैसे भरून केस 'बंद' करायची यूपीआय लिंक कुठलंही कोर्ट पाठवत नाही.

गुन्हा त्यांचा आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

आधार-पॅन गेलं असेल तर संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते आजच बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच बंद करायची विनंती टाकता येते.

मोगरा :
आत्ता बघितलं. माझ्या नावावर तीन नंबर आहेत, मी दोनच वापरते. तिसऱ्यावर तक्रार टाकली. धन्यवाद दादा.

तटस्थ :
थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. रिव्ह्यूला ₹१५० कोण देईल? माणसाला लोभ सुटतो म्हणून तो फसतो. बँका, पोलीस, पेपरवाले रोज सांगतात, तरी लोक भरतात.

कृष्णाकाठ :
राग आलाय, आणि तो लपवत नाही. तिला पाटल्या करायच्या नव्हत्या हो, होत्या त्या गहाण ठेवल्या तिने. ₹८,००० भरल्यानंतर ती जे भरत गेली ते आधीचे सोडवण्यासाठी. त्यात लोभ कुठे होता? आणि दुसऱ्या चौघांचे पैसे तिच्यामुळे अडकतील हे ऐकून ती सगळ्यात जास्त हादरली होती. त्या चौघांपैकी एक 'मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत' म्हणून रडका आवाज रेकॉर्ड करून पाठवत होता.

निवृत्त_रोखपाल :
तटस्थ, माझ्यासमोर बसून रडलेल्यांत निवृत्त मुख्याध्यापक होते, इंजिनिअर झालेला मुलगा होता, नुकतीच बाळंतीण झालेली नर्स होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा शंभरावर वेबसाइट बंद केल्या, तेव्हा त्यांच्याच निवेदनात होतं की निवृत्त लोक, स्त्रिया आणि अर्धवेळ काम शोधणारे बेरोजगार तरुण हेरले जातात. ज्यांना कामाची गरज आहे तेच. आणि "लोभी" म्हणवून घ्यायची भीती वाटते म्हणूनच ही माणसं घरी सांगत नाहीत. पैसे पुढे निघून जायला तेवढा वेळ पुरतो.

तटस्थ :
मान्य. ती चौघांची गोष्ट माझ्या नीट लक्षात आली नव्हती. शब्द मागे घेतो.

सोलापूरकरीण :
आमच्याकडे घरी बसून काम करणं नवीन नाही. माझी आजी आणि आई, दोघींनी विड्या वळल्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी यायची, विड्या वळून परत न्यायच्या, हजारी दराने मजुरी. त्यात छाट निघायची, मापात खोट असायची, भांडणं व्हायची, पिळवणूकही होती. पण आधी माल आपल्या घरात येतो आणि पैसा त्यांच्याकडून आपल्याकडे येतो, ही दिशा कधी उलटी झाली नाही. लिज्जतचंही बघा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ₹८० उसने घेऊन सुरू केलं. आजही बायका केंद्रावरून पीठ नेतात, घरी लाटतात आणि पापड आणून देतात.

हे सांगण्याचं कारण पेन्सिल पॅकिंग. आमच्या गल्लीत चार जणींनी पैसे भरले. "नटराज पेन्सिल घरी पॅक करा, महिना ₹३०,०००." नोंदणी ₹६२०, मग ओळखपत्राचे ₹१,२५०, मग गाडी निघाली म्हणून डिलिव्हरीचे ₹२,६००, "पहिल्या पगारात परत मिळतील." टेम्पोचा फोटोसुद्धा पाठवला. अहो, पेन्सिली कारखान्यात यंत्रावर पॅक होतात. दहाच्या एका डब्याला मजुरी देऊन वर घरोघरी टेम्पो फिरवायचा म्हटलं तर तो डबा केवढ्याला विकायचा? नटराज बनवणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्सने स्वतः लोकांना सावध केलंय की असं घरकाम आम्ही देत नाही. त्या चौघींना हे दाखवलं तेव्हा एक म्हणाली, "पण त्याने माझं नाव घालून ओळखपत्र पाठवलं होतं गं." कुणीतरी आपलं नाव छापलं याचंच तिला अप्रूप होतं. मला फार वाईट वाटलं.

पिंपरीकर_९८ :
धागा वाचून घाम फुटलाय. मला टेलिग्रामवर 'पेमेंट प्रोसेसिंग एजंट' म्हणून काम आलंय. मी काही भरायचं नाही. माझ्या खात्यात पैसे येतील, ते सांगतील त्या खात्यावर पाठवायचे, १० टक्के माझे. उद्या नवीन खातं उघडून कार्ड कुरिअर करायचं ठरलंय. हेही त्यातलंच का?

वऱ्हाडी_वकील :
करू नकोस. कुरिअर तर अजिबात नको. काकांनी वर जे भाड्याचं खातं सांगितलं ना, ते तुझंच होणार. कृष्णाकाठ यांच्या जावेचे पैसे ज्या खात्यात गेले ते असंच कुणा तुझ्या वयाच्या पोराचं असेल. पोलीस सगळ्यात आधी त्याच्या दारात येतात, कारण केवायसी त्याचं असतं. टोळीवाल्यांचं नाव त्यालाही ठाऊक नसतं. मी अशा दोन मुलांचे जामीन केलेत. एकाची पोलीस भरती हातची गेली.

पिंपरीकर_९८ :
नाही म्हणून कळवलं. लगेच शिव्या आल्या आणि "तुझ्या आधारवर लोन काढतो" म्हणाले. आधारचा फोटो आधीच दिला होता.

निवृत्त_रोखपाल :
आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाक. महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल बघ, कुठलं न काढलेलं कर्ज दिसतंय का. धमकीचे स्क्रीनशॉट जपून ठेव आणि घरी सांग. आजच, मुला.

हिंजवडी_एचआर :
नोकरी देणाऱ्या बाजूने लिहिते. आमच्या कंपनीचं नाव, लोगो आणि माझा फोटोसुद्धा वापरून ऑफर लेटर फिरली आहेत. त्यामुळे "कंपनी खरी आहे का" हा प्रश्न अपुरा पडतो. जीएसटी नंबर शोधला, कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव सापडलं, म्हणून लोक निश्चिंत होतात. कंपनी असतेच, फक्त समोर बोलणारा तिचा नसतो. कंपनीच्या मूळ वेबसाइटवर जा, तिथला बोर्ड नंबर लावा आणि "ही जागा आणि हा माणूस तुमच्याकडे आहे का" एवढंच विचारा. आम्हाला असे फोन येतात आणि आम्ही नीट उत्तर देतो. संकोच करू नका.

घरून काम आम्हीही देतो. त्यासाठी समोरासमोर किंवा व्हिडिओवर मुलाखत होते, कामाचे प्रश्न विचारले जातात, उमेदवार नाकारलाही जातो. टेलिग्रामवर दोन ओळी टाइप करून दहा मिनिटांत "तुमची निवड झाली" असं कधी होत नाही. लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंग फी, पार्श्वभूमी तपासणीचा खर्च, यांतलं काहीही आम्ही उमेदवाराकडून घेत नाही.

बँकॉकहून :
एक बाजू राहून जाते म्हणून लिहितो. इथे राहून या गोष्टी जवळून कानावर येतात. टेलिग्रामवर कामं देणारा तो 'रिसेप्शनिस्ट', ती गोड बोलणारी 'मॅडम', यांतले कितीतरी स्वतःच अडकलेले असतात. "थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं फुकट" म्हणून मुलांना बोलावतात आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये म्यावडीजवळच्या आवारांत नेतात. पासपोर्ट काढून घेतात आणि रोज इतक्या लोकांना फसवलंच पाहिजे असं बजावतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी आधी २८३ आणि पाठोपाठ २६६ जणांना तिथून सोडवून आणलं. परदेशातली ऑफर आली तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणाला तर निघूच नका.

मोगरा :
सगळ्यांनी सावध राहा. या धाग्यावर लिहिल्यापासून मला दोन खाजगी निरोप आलेत. "आम्ही सायबर तज्ज्ञ, तुमचे ₹६,८०० परत मिळवून देतो, आधी ₹९९९ भरा."

व्यवस्थापक :
दोन्ही सदस्यनामं बंद केली आहेत. असे निरोप आले तर उत्तर न देता आम्हाला कळवा. पैसे परत मिळवून देतो म्हणणारा आणि त्यासाठी फी मागणारा कुणीही या संस्थळाशी किंवा पोलिसांशी संबंधित नाही.

सायलीची_आई :
कृष्णाकाठ, तक्रार नेमकी कशी केलीत ते लिहाल का? वेळ आली की हात कापतात, काही सुचत नाही.

कृष्णाकाठ :
लिहिते. १९३० लगेच लागला नाही, व्यस्त येत होता. मी एकीकडे लावत राहिले आणि दुसरीकडे मुलाने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन उघडून आर्थिक फसवणुकीच्या रकान्यात तक्रार भरायला घेतली. फोन लागल्यावर त्यांनी विचारलं ते असं : कुठल्या बँकेतून गेले, कधी, किती आणि व्यवहाराचा १२ आकडी नंबर. हा नंबर यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. आम्ही पाचही नंबर आधी वहीत उतरवून घेतले होते, म्हणून अडलं नाही. पोचपावतीचा नंबर मेसेजने आला. ग्रुप सोडला नाही, चॅट पुसलं नाही, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले. वेबसाइटचा पत्ता, टेलिग्रामची नावं, सगळं. सोमवारी बँक उघडल्या उघडल्या लेखी अर्ज आणि मग पोलीस ठाणे.

₹८८,००० पैकी ₹११,२०० एका खात्यात अडवले गेले. बाकीचे शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच पुढे निघून गेले होते. ठाण्यातले साहेब म्हणाले, "दुपारी कळवलं असतं तर वेगळं झालं असतं." जावेने ते ऐकलं आणि काहीच बोलली नाही.

वऱ्हाडी_वकील :
अडवलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५७ होतं. तक्रारीची प्रत, स्टेटमेंट आणि पोलिसांचा अहवाल जोडा. लोक इथपर्यंत येऊन कंटाळतात आणि पैसे तसेच पडून राहतात. तुम्ही सोडू नका.

कृष्णाकाठ :
अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे.

भिशीचं राहिलं. जावेला त्या बायकांना तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. मी सोबत गेले. दहा जणी बसल्या होत्या. तिने सगळं सांगितलं, मोबाइलमधला तो ग्रुप उघडून दाखवला, ३७ टक्के बॅटरीसकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पलीकडच्या इमारतीतल्या एक काकू उठल्या आणि पर्समधून चष्मा काढून म्हणाल्या, "जरा माझ्या फोनमध्ये बघ गं, मलापण कालच एक असा मेसेज आलाय. दोनशे रुपये जमाही झालेत." त्यांनी अजून काही भरलं नव्हतं. जावेनेच त्यांच्यापाशी बसून त्यांना थांबवलं आणि तिथूनच १९३० लावून दिला.

भिशीचे ₹३०,००० ती महिन्याला ₹३,००० प्रमाणे फेडतेय. दोन हप्ते झाले.